कार्ट्रिज भरून घ्यावी की नवी आणावी?

प्रश्न : घरी काळी एक आणि रंगीत एक, अशा दोन कार्ट्रिजचा साधा प्रिंटर आहे. मुलांचे प्रोजेक्ट आणि माझ्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका त्यावरच काढते. नवी काळी कार्ट्रिज हजाराच्या घरात जाते, म्हणून दीडशे रुपयांत भरून आणली. तर पानावर पांढरे पट्टे! दुकानदार म्हणतो, हेड गेलं. भरल्यामुळेच गेलं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी मला सांगा, अक्षरं फिकी पडायला लागल्यावर तुम्ही किती पानं काढलीत? नारायण पेठेतल्या माझ्या रिफिलच्या दुकानात चौदा वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच विचारतो.

तुमच्या प्रिंटरचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, कार्ट्रिजलाच असतं. तळाशी केसाहून बारीक छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक इवलासा हीटर. तो क्षणभर तापतो, शाईचा बुडबुडा होतो, थेंब उडतो. त्या हीटरला गार ठेवते तीही शाईच. ‘एवढी चार पानं निघू देत’ म्हणून आपण रेटतो, तेव्हा तो कोरडाच तापतो आणि जळतो. मग कुणीही, कितीही चांगली शाई भरली तरी तिथून थेंब येत नाही.

पण टाकून देण्याआधी एक करा. टिश्यू कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि कार्ट्रिज तीन मिनिटं त्यावर छिद्रं खाली करून ठेवा. मग कोरड्या टिश्यूवर हलकेच टेकवा. काळी रेघ तुटक उमटली तर शाई वाळली आहे. दोन-तीनदा असंच केलं की बहुतेक वेळा सुटते. रेघ सलग आली आणि पानावर मात्र पट्टे तसेच राहिले, तर हीटर गेलेत. तुमच्या दुकानदाराने ही रेघ दाखवूनच निदान सांगायला हवं होतं.

भरून घेताना समोर उभ्या राहा. आत स्पंज असतो, त्यात सुई घालून शाई सावकाश सोडावी लागते. घाई केली की हवा अडकते, आणि तेव्हाही पांढरे पट्टे येतात. रंगीत कार्ट्रिजच्या तिन्ही भोकांत आधी टूथपिक घालून कुठे कोणता रंग आहे ते पाहणारा माणूस विश्वासाचा. पिवळ्याच्या कप्प्यात निळी गेलेली कार्ट्रिज धुऊन काढायला माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

भरल्यावरही स्क्रीनवर ‘शाई संपली’ येत राहील. घाबरू नका. प्रिंटर आत डोकावून शाई बघत नाही, थेंबांचा हिशोब ठेवतो. बहुतेक मॉडेलांत ओके दाबलं की काम चालू राहतं.

शिकवणीमुळे महिन्याला दोन-तीनशे पानं निघत असतील, तर पुढचा प्रिंटर टाकीवालाच, म्हणजे बाटलीतून थेट शाई ओतता येणारा, घ्या. रिफिलवर पोट असूनही मी हेच सांगेन. तोवर आठवड्याला एक पान, काळं-रंगीत दोन्ही, काढत जा. आणि पहिलं अक्षर फिकं दिसलं त्याच दिवशी कार्ट्रिज काढून, ओल्या टिश्यूवर ठेवून, झाकणाच्या डब्यातून दुकानात न्या.