जुनी साइट नव्याने करताना टेबलच्या कॉलमची रुंदी कशी आवरायची? टेबल काढून डिव्ह करावेत का?

तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ वाचली म्हणून लिहायला बसलो. तुम्ही म्हणताय की २००४च्या सुमाराची साइट नव्याने करताय, टीडीला (टेबलमधल्या एका घराला) रुंदी दिली तरी ब्राउझर ती मानत नाही, मोबाइलवर सगळं विस्कटतं, आणि टीममधले वरिष्ठ म्हणतायत की टेबल काढा आणि डिव्ह (मजकुराचे साधे चौकोन) करा. काढू नका. आकड्यांचं टेबल असेल तर मुळीच काढू नका. मी वरिष्ठांचं ऐकून एकदा काढलं होतं आणि त्याचा त्रास एका भल्या माणसाला झाला.

२०१३ची गोष्ट. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. एका तालुक्याच्या बाजार समितीची जुनी साइट नवी करायचं काम आलं. तिचा प्राण म्हणजे रोजच्या दरांचं पान: शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. सात कॉलम, ओळी साठ-सत्तर. मजकूर जुन्या फाँटातला होता, तो युनिकोडमध्ये आणला. मग फाइलच्या डोक्यावर डॉकटाइप (पान कुठल्या नियमांनी दाखवायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) नव्हतं, ते टाकलं. पान रिफ्रेश केलं तर कॉलम कुठल्या कुठे. आवक अंगठ्याएवढी, जात हातभर, अक्षरंही आधीपेक्षा लहान.

दोन तास रुंदीचे आकडे बदलत बसलो. काही हलेना. वरिष्ठ मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "टेबल आहे ना, मग हे होणारच. २००० साल संपलं आता. डिव्ह कर." तेव्हा मी दोन वर्षांच्या अनुभवाचा. केले डिव्ह. प्रत्येक घराला फ्लोट लेफ्ट, म्हणजे घरं डावीकडून एकाला एक लागून बसतात, आणि प्रत्येकाला १४.२८ टक्के. माझ्या मोठ्या मॉनिटरवर देखणं दिसलं. साइट सुरू झाली.

चौथ्या दिवशी एका अडत्याच्या पेढीवरून फोन आला. तिथले दिवाणजी होते, आवाजावरून साठीच्या पुढचे. ते रोज सकाळी आमच्या पानावरचे दर उचलून एक्सेलमध्ये टाकायचे आणि त्यावरून पेढीपुढच्या फळ्यावर लिहायचे. म्हणाले, "अहो, पूर्वी कॉपी केलं की प्रत्येक आकडा आपापल्या घरात बसायचा. आता सगळं एकाखाली एक उतरतंय. म्हणून मी स्क्रीनवर बघून हाताने लिहिलं, तर कांद्याचा कमाल दर मी सर्वसाधारण म्हणून लिहून बसलो. शेतकरी विचारायला आले तेव्हा कळलं."

त्यांची चूक काहीच नव्हती. त्यांच्या लहान स्क्रीनवर "भुईमूग शेंग (ओली)" एका ओळीत मावलं नाही, दोन ओळींचं झालं. ते घर उंच झालं, आणि पुढच्या ओळीचं पहिलं फ्लोट त्याला अडून दुसऱ्या कॉलमखाली जाऊन बसलं. तिथून पुढचा प्रत्येक आकडा एक घर उजवीकडे सरकला. किमान दर कमालच्या खाली, कमाल दर सर्वसाधारणच्या खाली. दिसायला सगळं रांगेतच. अशी चूक नजरेला कळत नाही, म्हणूनच ती वाईट. टेबलमध्ये हे होऊच शकत नाही, कारण तिथे ओळ ही ओळ असते आणि घर हे त्या ओळीचं असतं.

त्या रात्री थांबून मी जुनी फाइल ओळीओळीने वाचली. कारण सापडलं ते दोन अक्षरांचं. २००४च्या माणसाने टीडीच्या स्टाइलमध्ये "विड्थ: १२०" लिहिलं होतं, पुढे पीएक्स (पिक्सेल) नव्हतं. डॉकटाइप नसलं की ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ढिल्या नियमांनी चालतो आणि तिथे एकक नसलेला आकडा पिक्सेल म्हणून चालवून घेतो. डॉकटाइप टाकल्याबरोबर ती सवलत संपली, सगळ्या रुंद्या बाद झाल्या. (टॅगच्या विड्थ या ॲट्रिब्यूटला एकक लागत नाही, सीएसएसमध्ये, म्हणजे स्टाइलमध्ये लागतं. गोंधळ तिथूनच.) अक्षरं लहान झाली त्याचंही कारण तेच: क्वर्क्स मोडमध्ये टेबल हे बॉडीचा फाँट-साइज उचलत नाही, स्टँडर्ड मोडमध्ये उचलतं. टेबलचा काडीचा दोष नव्हता.

आता तुमच्या रुंदीबद्दल. साधं टेबल स्वतःच्या मनाने रुंदी ठरवतं. प्रत्येक कॉलममधला सगळ्यात लांब न तुटणारा शब्द बघतं आणि तेवढी जागा काहीही झालं तरी देतं. तुम्ही दिलेली रुंदी त्याच्या लेखी सूचना असते, हुकूम नसतो. आपल्याकडे हे जास्त जाणवतं, कारण "सर्वसाधारण" किंवा "व्यवस्थापकीय" असा एकच शब्द कॉलम ताणून धरतो. हुकूम हवा असेल तर टेबल-लेआउट फिक्स्ड करा. १९९८च्या सीएसएस २ पासून आहे ते, नवीन काही नाही. पण टेबलला स्वतःची रुंदी द्यायलाच हवी, शंभर टक्के म्हणा. ती ऑटो राहिली तर फिक्स्ड लिहूनही ब्राउझर जुन्याच पद्धतीने चालतो. निम्मे लोक इथेच अडकतात.

रुंद्या टीडीवर विखरू नका. टेबलच्या सुरुवातीला कोलग्रुप हा टॅग घाला, त्यात कॉलमइतके कोल टॅग, आणि रुंद्या तिथेच द्या. मी शेतमालला २६ टक्के, जातीला १४ आणि उरलेल्या पाचांना १२-१२ दिले होते. फिक्स्डमध्ये ब्राउझर आधी कोल बघतो, तिथे काही नसेल तर फक्त पहिली ओळ. तिसऱ्या ओळीतल्या टीडीवर कितीही आकडे लिहा, तो तिकडे ढुंकूनही बघत नाही. पहिल्या ओळीत कोलस्पॅनचं, म्हणजे अनेक कॉलमांवर पसरलेलं मोठं शीर्षक असेल, जुन्या साइटींवर हमखास असतं, तर कोल नसताना त्याखालचे कॉलम सरसकट समान होतात. म्हणून कोल हवेतच.

फिक्स्ड केलं की लांब शब्द शेजारच्या घरात घुसतो. ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड लावून तो थांबतो, पण मग "सर्वसाधार" वर आणि "ण" खाली असंही होतं, आणि ते वाचवत नाही. शीर्षकं मोजकीच असतात. "सर्व" आणि "साधारण"च्या मध्ये हाताने डब्ल्यूबीआर टॅग टाका. जागा कमी पडली तर शब्द तिथेच तुटेल, नाहीतर अखंड राहील. आकडे उजवीकडे लावा.

मी हे सगळं करून टेबल परत आणलं. दिवाणजींना फोन केला, त्यांनी फोन चालू असतानाच कॉपी करून बघितलं, बरोबर बसलं. वरिष्ठांनी मात्र सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं की मी काम मागे नेलं. फ्लोटला क्लिअर (नवी ओळ आधीच्या घरांच्या खालून सुरू करणं) लावलं असतं तर भागलं असतं, असं त्यांचं म्हणणं. ओळी सरकल्या नसत्या हे खरं. पण एक्सेलमधला पेस्ट दुरुस्त झाला नसता. आणि दृष्टिहीन माणूस एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरवर टेबल वाचतो तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून घराघरांतून फिरतो आणि कॉलम बदलला की त्याचं शीर्षक ऐकतो. डिव्हमध्ये त्याला नुसते आकडे ऐकू येतात. हे मी तेव्हा बोललो नाही, मला तेव्हा माहीतच नव्हतं. आज तुमच्या वरिष्ठांना तुम्ही सांगा. टेबल जुनाट आहे हे कारणच नव्हे. आतला मजकूर ओळी-कॉलमांचा आहे की नाही, एवढंच विचारायचं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने कबूल करतो. तुमच्या साइटवर डावीकडे मेनू, उजवीकडे मजकूर, वर बॅनर हे सगळं टेबलात कोंबलेलं असेल, एकात एक चार टेबलं आणि मध्ये एक पिक्सेलची पारदर्शक जिफ असेल, तर ते खुशाल मोडा. त्यासाठी सीएसएस ग्रिड आहे, २०१७च्या मार्चपासून क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत चालतं. मात्र ईमेल न्यूजलेटरचं काम असेल तर यातलं काही लागू नाही. विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७पासून वर्डच्या इंजिनावर मेल दाखवत आलंय, तिथे टेबल आणि टीडीचं विड्थ ॲट्रिब्यूटच वापरा.

मोबाइलचं मी नीट सांगितलं नाही. सात कॉलम उभ्या धरलेल्या फोनवर मावत नाहीत, मावणारही नाहीत. टेबलभोवती एक डिव्ह घाला, त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, टेबलला ६४० पिक्सेलची मिन-विड्थ, म्हणजे ते बोटाने आडवं सरकतं. प्रत्येक ओळीचं कार्ड करायची पद्धत मला पटत नाही, कारण दोन दरांची तुलना करायला माणूस स्क्रोल करत बसतो. ज्यांना आवडते त्यांच्याशी वाद नाही.

सगळ्यात आधी फाइल उघडा, पहिल्या ओळीत डॉकटाइप आहे का बघा, आणि मग पीएक्स किंवा टक्का नसलेला विड्थचा आकडा स्टाइलमध्ये शोधा. सापडला तर इथे कळवा.