वाचकांचे प्रश्न : उशीतली हवा, दुखणारे खांदे आणि पहिली भेट

या वेळच्या पत्रांत बसण्याविषयीचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मज्जारज्जूला इजा होऊन चार महिने झाले. व्हीलचेअरवर हवेची उशी वापरतो. दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायला सांगितलं आहे, तेही करतो. तरी डाव्या बाजूला बसायच्या हाडापाशी लाल चट्टा उठतो. उशी बदलू का?

बदलण्याआधी तिच्यातली हवा तपासा. अशा वेळी बऱ्याचदा हवा कमी नसते, जास्त असते. उशी टणक झाली की आधार पक्का वाटतो, पण शरीर तिच्यात रुतत नाही, वरच तरंगतं. मग सगळा भार बसायच्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर येतो. हवा फारच कमी झाली, तर हाड थेट तळाला टेकतं. दोन्हीचा शेवट चट्ट्यातच होतो.

तपासायची रीत अशी. उशीत थोडी जास्तच हवा भरा. रोजच्या कपड्यांत, पाय पायदानावर ठेवून, नेहमीसारखे बसा. आता घरातल्या कुणीतरी उशी आणि तुमचं शरीर यांच्यामध्ये हात सरकवून सर्वांत खाली आलेलं हाड शोधायचं आणि हात तिथेच ठेवायचा. झडप उघडून हवा हळूहळू सोडा. ते हाड आणि उशीचा तळ यांत साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर अंतर उरलं, बोटांची टोकं जेमतेम हलतील इतकंच, की झडप बंद. ही तपासणी रोजची आहे. डोंगरावर गेलात किंवा विमानात बसलात तर हवेचा दाब बदलतो, तेव्हा पुन्हा बघायचं.

चट्टा एकाच बाजूला उठतो, ही महत्त्वाची खूण आहे. मागच्या खिशात पाकीट किंवा फोन राहतो का? पँटची जाड शिवण किंवा खिशाची बटणं त्याच जागी येतात का? बैठकीचं कापड ताणून मधे खोलगट झालंय का? झोळीसारख्या बैठकीत कमरेचं हाड एका बाजूला कलतं आणि कितीही चांगली उशी असली तरी तिचा उपयोग होत नाही. पायदानंही बघा. ती जास्त वर असली तर मांड्या उशीवरून उचलल्या जातात आणि त्यांनी घ्यायचा भार मागे सरकतो. मधे भोक असलेली गोल उशी मात्र कुणी कितीही सुचवली तरी घेऊ नका, कारण भोकाच्या कडेने कातडी ताणली जाते आणि तिथला रक्तपुरवठा दबतो.

आता अंग उचलण्याबद्दल. दोन-चार सेकंद उचलून खाली टेकलं तर कातडीला फारसं काही मिळत नाही. दबलेल्या भागात प्राणवायू पूर्ववत व्हायला जवळपास दोन मिनिटं लागतात, आणि तितका वेळ हातांवर तोलून कुणीच राहू शकत नाही. वर खांदे झिजतात ते वेगळंच. त्यापेक्षा वाका. आधी खुर्ची थोडी मागे घ्या, म्हणजे पुढची लहान चाकं पुढच्या दिशेला वळतात आणि खुर्ची पुढे कलंडायची भीती कमी होते. मग ब्रेक लावा, छाती मांड्यांकडे न्या, कोपरं गुडघ्यांवर किंवा समोरच्या टेबलावर टेकवा आणि दोन मिनिटं तसेच राहा. पुढे वाकणं जमत नसेल तर एका बाजूला कला, मग दुसऱ्या. दर पंधरा ते तीस मिनिटांनी हे व्हायला हवं. फोनवर गजर लावलात तर बरं, कारण जिथे संवेदना नाही तिथून आठवण येत नाही.

सकाळी उठण्याआधी आणि रात्री झोपताना कातडी बघा. लांब दांड्याचा आरसा किंवा फोनचा कॅमेरा चालतो. भार काढल्यावर अर्ध्या तासात चट्टा गेला तर तो इशारा समजा. गेला नाही, किंवा बोटाने दाबून पांढरा पडत नसेल, तर तो पूर्ण जाईपर्यंत त्यावर बसायचं नाही, कामं खोळंबली तरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट रंग, जास्त गरम किंवा गार लागणं, कडकपणा किंवा भुसभुशीतपणा हाताने चाचपावा. चट्टा चोळू नका. फोड आला, कातडी उघडली, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : खुर्ची मुद्दाम ऐसपैस घेतली. सहा महिन्यांत दोन्ही खांदे दुखायला लागले. वयाचा परिणाम असेल का?

वयाच्या आधी खुर्चीवर संशय घ्या. खुर्ची रुंद असली की चाकं लांब जातात, दंड बाहेर फाकतात आणि प्रत्येक ढकलीला खांदा वाकड्या कोनात काम करतो. बैठकीची रुंदी तुमच्या नितंबांच्या सर्वांत रुंद भागाइतकी आणि दोन्ही बाजूंना एकेक बोट, बस. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटं जागा हवी. बैठक त्याहून खोल असली तर माणूस नकळत पुढे घसरतो आणि माकडहाडावर बसतो.

पुढचं माप चाकाच्या आसाचं. ताठ बसून हात खाली सोडलात तर मधल्या बोटाचं टोक आसापर्यंत पोचावं. हात चाकाबाहेरच्या कडीच्या माथ्यावर ठेवलात तर कोपराचा कोन शंभर ते एकशेवीस अंशांत यावा. इथे अनेकजण फसतात : खुर्चीची मापं उशीशिवाय घेतलेली असतात, आणि उशी आली की माणूस पाच ते दहा सेंटिमीटर वर जातो. उशी बदलली की हे माप पुन्हा घ्यायचं. तुमच्या खुर्चीत आस पुढे-मागे करायची सोय असेल तर तो पुढे घेतल्याने लहान चाकांवरचा भार कमी होतो आणि ढकलायला हलकं जातं. पण खुर्ची मागे उलटायचा धोकाही तेवढाच वाढतो. म्हणून आस एका वेळी एकच भोक पुढे घ्या, आणि मागची आधाराची छोटी चाकं लावूनच.

ढकलताना छोटे, घाईचे झटके नकोत. हात मागून पुढे लांबवर न्या, सोडा आणि कडीच्या खालून सैल मागे येऊ द्या. ढकली कमी लागतात.

आणि खांदे फक्त ढकलण्याने दुखत नाहीत. पलंगावर, गाडीत, कमोडवर सरकताना जास्त दुखतात. खुर्ची साधारण तीस अंशांत तिरकी लावा, ब्रेक लावा, बाजूचा हातटेका काढा, पाय जमिनीवर घ्या, बैठकीत पुढे सरका. डोकं एका दिशेला गेलं की कंबर उलट दिशेला हलते, या साध्या तरफेवर सगळं चालतं. म्हणजे पलंग उजवीकडे असेल तर डोकं डावीकडे आणि खाली. आधाराचा हात शरीराजवळ ठेवा, मनगट मागे मुडपून तळवा सपाट टेकण्याऐवजी मूठ टेका किंवा कड पकडा. जिथे जायचं ती जागा समान उंचीची किंवा किंचित खाली असली तर सोपं. उंच चढायचं असेल तर सरकफळी, म्हणजे दोन्ही जागांवर टेकवून वरून सरकायची फळी, वापरा, तिच्यात कमीपणा नाही. फक्त उघड्या कातडीने फळीवर सरकू नका, सोलवटतं. शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंनी सरकायची सवय ठेवा, म्हणजे एकाच खांद्यावर सगळं येत नाही. रोज लागणाऱ्या वस्तू खांद्याच्या उंचीच्या खाली आणून ठेवा. रात्री झोपेत दुखून जाग येत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवायला उशीर करू नका.

प्रश्न : ब्रेक लावूनही खुर्ची सरकते आणि चालवताना डावीकडे ओढते. ब्रेक नवे टाकावे लागतील?

बहुधा पंप पुरेल. हाताचा ब्रेक टायरवर दाबून धरतो. टायर मऊ झाला की दाब कमी पडतो आणि चाक निसटतं. टायरच्या कडेवर हवेचा आकडा उठावात छापलेला असतो, दोन्ही टायर तिथपर्यंत भरा. एकात कमी असेल तर खुर्ची त्याच बाजूला ओढते. एवढ्याने सुटलं नाही तर पुढच्या चाकांच्या आसाला गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्याने काढा. बघाल तर थक्क व्हाल किती निघतात ते. त्यानंतर लहान चाकांच्या उभ्या दांड्याचे नट तपासा, आणि सगळ्यात शेवटी सांगाडा. टायर विकत घेताना त्यावरचा जोड आकडा सांगा, उदाहरणार्थ ३७-५४०. नुसतं ‘चोवीस इंची’ म्हटलं तर चुकीचा टायर हातात पडतो. काढता येणारं चाक परत बसवल्यावर आसाचं बटण पूर्ण बाहेर आलंय ना ते बघून चाक एकदा बाहेर ओढून बघा.

प्रश्न : दारात एकच पायरी आहे, पंधरा सेंटिमीटरची. रॅम्प किती लांब लागेल?

एकास बारा हे प्रमाण धरा : एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. रुंदी किमान नव्वद सेंटिमीटर, कडांना उठाव, आणि वर दारापाशी सपाट जागा, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घरंगळते. जागा कमी म्हणून रॅम्प उभा केलात तर तो मदतनीस असतानाच वापरायचा, आणि उतरताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून न्यायची.

प्रश्न : नवरा बाहेर जायच्या दिवशी पाणीच पीत नाही, लघवी गळेल म्हणून. मानेला इजा झालेली आहे. मी काय सांगू?

पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जंतुसंसर्ग आणि खडे होतात, आणि संसर्ग झाला की गळती वाढते. म्हणजे ज्याची भीती तेच वाढतं. पाणी कमी करायच्या ऐवजी ते दिवसभर थोडं थोडं वाटून घ्यायचं आणि संध्याकाळनंतर आवरतं. लघवी काढायला नळी दर वेळी घालून काढत असतील तर साधारण चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी पाचशे मिलिलिटरपेक्षा जास्त निघू नये. जास्त निघत असेल तर मधलं अंतर कमी करा. दिवसभर बसून पायांना सूज येते, आडवं झाल्यावर ते पाणी परत रक्तात येऊन रात्री लघवी वाढते. दुपारी थोडा वेळ पाय वर करून पडलं तर रात्रीचा त्रास कमी होतो. नेमकी वेळापत्रकं मात्र त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

एक गोष्ट तुम्हाला पाठ असायलाच हवी. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल तर भरलेलं मूत्राशय, अडकलेली नळी, साचलेला मळ, अगदी घट्ट बूटसुद्धा रक्तदाब अचानक चढवू शकतो. ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर लाली आणि घाम, अंगावर काटा ही लक्षणं. लगेच ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, नळी पिळली किंवा दुमडली आहे का बघा, मूत्राशय रिकामं करा. काही मिनिटांत उतरलं नाही तर तातडीने रुग्णालयात न्या. त्यांना झोपवू नका.

प्रश्न : पुनर्वसन केंद्रातून विचारलं आहे की नुकत्याच इजा झालेल्या एका मुलाला भेटायला याल का. खुर्चीवर मला नऊ वर्षं झाली. तिथे काय बोलायचं?

आधी त्याला ही भेट हवी आहे का, ते केंद्राकडून विचारून घ्या. आईवडिलांना हवी असते आणि मुलाला नसते, असं होतं. त्याच्या हातांची ताकद आणि तुमची बरीच वेगळी असेल तर केंद्राला तसं सांगून जवळचं कुणी सुचवा. ज्याला बोटं मिटता येत नाहीत, त्याला बोटं चालणाऱ्याचे उपाय ऐकून उलट निराश व्हायला होतं.

पहिली भेट अर्ध्या-पाऊण तासाची पुरे. सुरुवातीलाच सांगा की इथे बोललेलं इथेच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर ते केंद्राला कळवावं लागेल. मग गप्प बसून त्याला विचारू द्या. धीर देणारी भाषणं त्याने आधीच भरपूर ऐकलेली असतात. त्याला हवं असतं ते बारीकसारीक : गळालं तर बाहेर काय करतोस, रात्री कूस कोण बदलतं, सकाळी पोट साफ करायला किती वेळ लागतो, जोडीदाराशी जवळीक कशी असते, मित्र कमी झाले का. जे डॉक्टरांना विचारायची लाज वाटते तेच. तुमची रोजची पिशवी सोबत न्या आणि उघडून दाखवा : नळ्या, हातमोजे, जादा पँट, छोटा पंप. खुर्चीवरून पलंगावर सरकून दाखवा, पण त्याने मागितलं तरच.

‘तू असं कर’ ऐवजी ‘मी असं करतो, तुझं वेगळं असू शकेल’ असं म्हणा. औषधांची नावं आणि मात्रा सांगू नका. ‘चालशील’ किंवा ‘चालणार नाहीस’ यातलं काहीही नको, कारण एकाच पातळीवरच्या दोन इजांमध्येही मज्जारज्जू किती तुटला आहे यावरून फार फरक पडतो. तुमची नऊ वर्षं आणि त्याचे चार आठवडे यांची तुलना तो करेलच. त्याला सांगा की पहिल्या महिन्यात तुम्हालाही काय जमत नव्हतं.

अपंगांनीच अपंगांना मदत करायची ही पद्धत काही नवी नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले इथे अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवनासाठीचं जे केंद्र उभं केलं, त्यात अशी सहकाऱ्यांची सल्लासेवा मुळापासून होती.

जगायचं नाही असं तो म्हणाला तर विषय बदलू नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. तसं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं न सोडता तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याच क्षणी सांगा.

आईवडील दारात थांबलेले असतात, त्यांच्याशी वेगळं बोला, मुलाच्या समोर नाही. फोन नंबर द्यायचा असेल तर फोन कधी घ्याल त्या वेळा आधीच सांगा. घरी आल्यावर तुमच्या जुन्या गोष्टी वर येतात, म्हणून त्याच दिवशी केंद्रातल्या समुपदेशकाशी दहा मिनिटं बोलायचं ठरवून ठेवा. दुसऱ्या भेटीची तारीख त्यालाच ठरवू द्या. नको म्हणाला, तर नको.