‘सुपरनॅचरल’ मालिकेतील डीन आणि सॅम हे सख्खे भाऊ असूनही त्यांच्या स्वभावात इतके अंतर का आहे?

एकाच बापाच्या हाताखाली, एकाच गाडीच्या मागच्या सीटवर वाढलेले दोन भाऊ इतके वेगळे कसे निपजले, आणि ‘डीन मनाने चालतो, सॅम डोक्याने’ हे सगळीकडे वाचायला मिळणारे स्पष्टीकरण पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. गावोगाव फिरून भुताखेतांची आणि सैतानांची शिकार करणाऱ्या डीन आणि सॅम विंचेस्टर या भावांची, २००५ ते २०२० या काळात १५ पर्वे आणि ३२७ भाग चाललेली ही अमेरिकन मालिका मी पूर्ण पाहिली असून पहिली पाच पर्वे दोनदा पाहिली आहेत. पुढे शेवटच्या भागापर्यंतचे कथानक येणार आहे, तेव्हा ज्यांना ते आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे.

मन आणि डोके ही वाटणी कथेतच टिकत नाही. डीनने शाळेत फारसे दिवे लावले नसतील, पण जुन्या वॉकमनचे सुटे भाग काढून भुते हुडकण्याचे यंत्र तो स्वतः तयार करतो आणि १९६७ सालची शेव्हरोले इम्पाला गाडी पार चेपली गेली तरी पुन्हा उभी करतो. याउलट अभ्यासू म्हणून गणला जाणारा सॅम आयुष्यातले मोठे निर्णय बहुधा संतापाच्या भरात घेतो. प्रेयसी जेसिका जळून मेल्यावर तो ज्या तिरीमिरीने शिकारीच्या धंद्यात परततो, किंवा डीन नरकात गेल्यावर रुबी नावाच्या सैतानीच्या नादाने सैतानांचे रक्त पिऊ लागतो, त्यात थंड डोके कुठेच दिसत नाही.

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला. आमच्या घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, त्यामुळे एक गोष्ट लहानपणीच कानावर पडली. मराठीत थोरला काय आणि धाकटा काय, दोघेही भाऊच असतात. कन्नडमध्ये मात्र थोरला तो अण्णा आणि धाकटा तो तम्मा, आणि दोघांना मिळून म्हणायचे झाले तरी अण्णतम्मंदिरू असे दोन्ही शब्द जोडावे लागतात. रोजच्या बोलण्यात नुसता ‘भाऊ’ असा कोणी नसतोच. तुम्ही आधी आलात की नंतर, हे नात्याच्या नावातच ठरलेले असते. विंचेस्टर भावांचे कोडे मला या दोन शब्दांनी उलगडले. डीन हा प्रत्येक श्वासाला अण्णा आहे, आणि सॅमची सगळी धडपड आपण केवळ तम्मा नाही हे सिद्ध करण्याची आहे. डीन त्याला ‘सॅमी’ म्हणतो आणि सॅम सुरुवातीला त्यावर चिडतो, त्याचे कारणही तेच असावे.

हा फरक २ नोव्हेंबर १९८३ च्या एकाच रात्रीतून निघतो. कॅन्ससमधील लॉरेन्स या गावी पिवळ्या डोळ्यांचा सैतान सॅमच्या पाळण्यापाशी येतो आणि आई मेरी छताला खिळलेल्या अवस्थेत जळून मरते. सॅम तेव्हा बरोबर सहा महिन्यांचा, डीन चार वर्षांचा. बाप तान्ह्या सॅमला डीनच्या हातात देतो आणि मागे वळून न पाहता बाहेर पळायला सांगतो. आता हिशेब पाहा. डीनने चार वर्षे आईच्या हातचे खाल्ले, स्वतःचे अंथरूण, स्वतःचे अंगण पाहिले आणि एका रात्रीत ते गमावले. सॅमला गमावण्यासारखे काही आठवतच नाही. म्हणून डीनला जे होते ते परत हवे असते, आणि सॅमला जे कधीच नव्हते ते कुठेतरी जाऊन मिळवायचे असते. पुढचे सगळे भांडण मला या एका तफावतीतून आलेले दिसते.

त्यात बाप जॉन हा व्हिएतनामच्या युद्धात गेलेला मरीन. त्याने मुलांना वाढवले म्हणण्यापेक्षा भरती करून घेतले म्हणावे. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने आमच्या भागात निवृत्त फौजींची घरे पुष्कळ आहेत आणि आमचे घर त्यांपैकीच एक. आमचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरी पहाटे पाचला अंथरुणाच्या घड्या आणि दाराशी ओळीने लावलेल्या चपला हा नियम त्यांनी सोडला नाही. अशा घरात थोरला मुलगा बहुतेक वेळा हुकूम पाळायला शिकतो आणि धाकटा हुकूम का म्हणून विचारायला. थोरला जात्या आज्ञाधारक असतो असे नाही. हुकूम चुकला तर धाकट्याचे काय होईल याची भीती त्याच्या वाट्याला आलेली असते.

डीनच्या बाबतीत ही भीती कुठून आली ते पहिल्या पर्वाच्या अठराव्या भागात कळते. बाप शिकारीला गेलेला, दोघे मुलगे मॉटेलच्या खोलीत कोंडलेले. नऊ-दहा वर्षांचा डीन कंटाळून थोडा वेळ व्हिडिओ गेम खेळायला बाहेर पडतो. परत येतो तो झोपलेल्या सॅमच्या अंगावर मुलांचे प्राण शोषणारी श्ट्रिगा ओणवलेली असते. बाप वेळेवर येतो म्हणून सॅम वाचतो, पण त्यानंतर बापाची आपल्याकडे पाहण्याची नजरच बदलली, असे डीन मोठेपणी सांगतो. ही हकीकत सॅमला वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत ठाऊक नसते, आणि ज्या आज्ञाधारकपणाबद्दल तो भावाला टोमणे मारत आला त्याचे मूळ आपल्याच उशाशी होते हे त्याला तेव्हा उमगते. मालिकेत याहून थरारक भाग डझनावारी असतील. या दोघांना समजून घ्यायचे असेल तर माझ्या मते इथून सुरुवात करावी.

सॅमची बाजू लंगडी आहे असे मात्र कोणी समजू नये. शिष्यवृत्ती मिळवून तो स्टॅनफर्डला जातो तेव्हा बाप त्याला बजावतो की जात असशील तर परत येऊ नकोस. शिकायला बाहेर पडलेल्या मुलाला घरचा द्रोही ठरवणारा बाप आमच्याकडेही नवलाचा नाही, आणि पुण्याला जाणाऱ्या गाडीत बसताना मागे कोणी निरोप द्यायला नसणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. गंमत अशी की बापाशी सगळ्यात जास्त भांडणारा सॅमच सगळ्यात जास्त बापावर गेला आहे. बायको गेल्यावर जॉन सूडाने पेटला, जेसिका गेल्यावर सॅम. डीन नुसता बापाचे कोट, कॅसेट आणि गाडी वागवतो. बापाची धग धाकट्यात उतरली आहे.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो त्याकडे येतो. पाचव्या पर्वाच्या सोळाव्या भागात दोघांनाही गोळ्या घालून मारले जाते आणि ते स्वर्गात पोहोचतात. इथला स्वर्ग म्हणजे माणसाच्या स्वतःच्या सर्वांत सुखाच्या आठवणी. डीनला प्रथम दिसते ती १९९६ च्या ४ जुलैची रात्र, एका मोकळ्या शेतात लहानग्या सॅमबरोबर उडवलेले फटाके. मग दिसते आई, त्याच्यासाठी सँडविचच्या कडा कापून काढणारी. तेवढ्यात फोन वाजतो, आईबापांचे बिनसलेले असते, बाप दोन दिवस घराबाहेर राहत असतो, आणि चार वर्षांचा डीन आईला मिठी मारून बाबांचे तुझ्यावर प्रेम आहे म्हणून समजावतो. पोराने आयुष्यभर ज्या घराची आस धरली त्या घरालाही तडा गेलेला होता आणि तो बुजवायला तेव्हाही हाच उभा होता, हे पाहून सॅमही गप्प होतो.

त्यानंतर सॅमच्या आठवणी सुरू होतात. पहिली, अकराव्या वर्षी एका वर्गमैत्रिणीच्या घरी सणाच्या पंगतीला बसल्याची. दुसरी, घरातून पळून जाऊन फ्लॅगस्टाफ येथे एका सापडलेल्या कुत्र्याबरोबर एकट्याने काढलेल्या दोन आठवड्यांची. त्या दिवसांत डीन वेड्यासारखा त्याला शोधत होता आणि तो मेला असेच धरून चालला होता. तिसरी, स्टॅनफर्डला जाण्यासाठी घर सोडल्याच्या रात्रीची. डीनच्या लेखी ती आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्रींपैकी एक. डीनच्या सुखात सॅम आहे आणि सॅमच्या सुखात डीन नाही, एवढेच त्याला दिसते. भागाच्या शेवटी तो गळ्यातला ताईत काढून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. हा ताईत आठ वर्षांच्या सॅमने १९९१ च्या नाताळात बापासाठी ठेवला होता आणि बाप आलाच नाही म्हणून डीनला दिला होता. अनेक प्रेक्षक या भागावरून सॅमला कृतघ्न ठरवतात. मी तसे ठरवणार नाही. सॅमच्या तिन्ही आठवणींत घरच आहे, फक्त ते दुसऱ्याचे आहे किंवा अजून व्हायचे आहे. ज्याने स्वतःचे घर पाहिलेच नाही त्याने सुखाची कल्पना तरी कशावरून करावी?

याला पूरक म्हणून दुसऱ्या पर्वातला, ‘जिन’ नावाच्या भुताने डीनला मोहजालात अडकवलेला भागही पाहावा. त्या खोट्या जगात आई जिवंत असते आणि डीन अंगणातले गवत कापताना हरखून गेलेला असतो. दारू, पोरी, बंदुका यांत रमणाऱ्या माणसाची सगळ्यात खोल इच्छा गवत कापण्याची असावी, हे लेखकांनी फार नेमके हेरले आहे.

पाचव्या पर्वाअखेर या स्वभावांची अदलाबदल होते. मायकेल आणि लूसिफर या देवदूत भावांपैकी थोरला आज्ञाधारक, धाकटा बंडखोर, आणि दोघांचा बाप बेपत्ता. त्यांना अंगात घेण्यासाठी डीन आणि सॅम यांची देहपात्रे म्हणून निवड झालेली असते. विधिलिखिताप्रमाणे दोघांनीही होकार द्यायचा असतो; स्वभाव पाहता मात्र डीनने होकार द्यायला हवा आणि सॅमने नकार. प्रत्यक्षात जन्मभर हुकूम पाळणारा डीन मायकेलला शेवटपर्यंत नकार देतो, आणि जन्मभर नाही म्हणत आलेला सॅम लूसिफरला होकार देऊन त्याच्यासकट पिंजऱ्यात उडी घेतो. त्या क्षणी लूसिफरवर सॅमची पकड बसते ती गाडीच्या राखदाणीत अडकलेला, लहानपणी त्यानेच कोंबलेला खेळण्यातला सैनिक दिसल्यामुळे. मालिकेचे जनक एरिक क्रिपकी यांनी सूत्रे याच पर्वानंतर सोडली, आणि कथा इथे संपली असती तरी मी तक्रार केली नसती.

त्यानंतरच्या दहा पर्वांत पुष्कळ पाल्हाळ आहे. तरीही नवव्या पर्वातला एक पेच आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. सॅम मरणाच्या दारात असताना आणि जायला तयारही असताना, डीन त्याला न सांगता गॅड्रिएल नावाच्या देवदूताला त्याच्या अंगात शिरू देतो. सॅम वाचतो. खरे कळल्यावर तो डीनला तोंडावर सांगतो की अशाच प्रसंगी मी तुझ्यासाठी असे केले नसते. हे वाक्य ऐकून मी पूर्वी सॅमवर रागावलेल्या प्रेक्षकांत सामील झालो नाही, त्याचे कारण खासगी आहे. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असताना इकडे आईचे ऑपरेशन झाले आणि दादाने मला आठ दिवस काही कळू दिले नाही. वाफ्यांत रोप लावायचे दिवस सोडून तो दवाखान्याच्या बाकावर झोपला, माझी फी त्याच आठवड्यात न चुकता पाठवली, आणि मला विचारले मात्र नाही. मी दोन महिने त्याच्याशी बोललो नव्हतो. थोरल्याच्या मायेत धाकट्याच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क गृहीत धरलेला असतो, आणि डीनच्या बाबतीत तो हक्क इतका वाढतो की भावाचे मरणसुद्धा तो भावाच्या मालकीचे राहू देत नाही. डीन मला सॅमपेक्षा अधिक आवडतो. पण या प्रकरणात बरोबर सॅमच होता.

म्हणूनच अनेकांनी नावे ठेवलेला अखेरचा भाग मला पटला. एका कोठारातील झटापटीत डीन लोखंडी सळईत रुततो. आजवर असे काही झाले की वाचवण्यासाठी कुठला तरी सौदा व्हायचा. या वेळी डीन तो करू देत नाही आणि, पहिल्यांदाच, धाकट्याकडे परवानगी मागतो. आता गेलास तरी चालेल, असे सॅमने म्हणावे एवढेच त्याचे मागणे असते आणि सॅम रडत रडत ते म्हणतो. पुढे सॅमला घर मिळते, अंगण मिळते, त्या अंगणात मुलाबरोबर चेंडू झेलण्याची संध्याकाळ मिळते. गवताची आस धरलेल्या डीनच्या वाट्याला स्वर्गात येते ती इम्पाला आणि मोकळा रस्ता. सॅमने मुलाचे नाव डीन ठेवलेले असते. म्हातारा सॅम खाटेवर पडलेला असताना तो मुलगा त्याचा हात हातात घेतो आणि, सॅमने कोठारात थोरल्या भावाला उच्चारले होते तेच शब्द, बापाला ऐकवतो.