मार लागल्यावर येणारा ताप: चिनी वैद्यक काय म्हणते?

मुका मार लागून दोन-चार दिवसांनी ताप येतो, तेव्हा चिनी वैद्य आधी साकळलेल्या रक्ताचा विचार करतात. रक्त अडले की ‘छी’ (शरीरात वाहणारी प्राणशक्ती) अडते आणि अडलेली छी उष्णतेत बदलते, अशी उपपत्ती. खुणा: दुपारनंतर किंवा रात्री वाढणारा ताप, एकाच जागी टोचणारी वेदना, तोंड कोरडे पण पाणी गिळावेसे न वाटणे, जिभेवर जांभळे ठिपके.

बरगड्यांच्या मारावर ‘फुयुआन हुओश्वे’ काढा. त्यात मद्यात भिजवलेली रेवंदचिनी ३० ग्रॅमपर्यंत, शिवाय करडईची फुले (हो, आपलीच करडई) आणि पीचच्या बिया. रेवंदचिनीने जुलाब होतात, म्हणून वेदना उतरताच काढा बंद. मूळ कृतीतले खवले मांजराचे खवले २०२० च्या चिनी औषधकोशातून वगळले आहेत. ते मागूही नयेत.

रक्त खूप गेल्यावरचा ताप वेगळा. चेहरा लाल, तहान, नाडी मोठी पण दाबली की पोकळ. इथे ‘डांगगुई बुश्वे’ काढा: हुआंगछी (अ‍ॅस्ट्रॅगॅलसचे मूळ) ३० ग्रॅम, डांगगुई (चिनी अँजेलिकाचे मूळ) ६ ग्रॅम, म्हणजे ५:१. वरून ही खरी उष्णता वाटते आणि जिप्समचा थंड काढा दिला जातो. घोटाळा होतो तो इथेच.

जखमेत पू, थंडी वाजून ताप, जबडा आखडणे किंवा पोट कडक होणे: काढा नको, थेट रुग्णालय. गरोदरपणात आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारे औषध) चालू असताना हे रक्त ‘हलवणारे’ काढे वर्ज्य.