शाई आधी की रंग आधी?

प्रश्न : मुलांच्या गोष्टींसाठी चित्रं काढते. फाउंटन पेनने रेखाटन करून अर्ध्या तासाने जलरंग लावते, तरी रेघ फुटते आणि पिवळा, गुलाबी सगळे मळकट होतात. आधी रंग लावून मग शाई वापरू का?

उत्तर : क्रमाचं नंतर बघू, आधी दौत तपासा. फाउंटन पेनची नेहमीची शाई पाण्यात विरघळते. अर्धा तास काय, आठवडाभर वाळवलीत तरी ओला कुंचला फिरला की ती सुटणारच. शिवाय उजेडात विटते, ते वेगळंच. तुम्हाला हवी काजळीची, बाटलीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेली इंडिया इंक. तिच्यात बहुधा लाख असते, त्यामुळे ती फाउंटन पेनमध्ये चुकूनही भरू नका, पेन तुंबेल. टाकाने, म्हणजे शाईत बुडवून चालवायच्या निबने काढा. टाक जमत नसेल तर फाउंटन पेनसाठी बनवलेली वॉटरप्रूफ पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) घ्या आणि पेन वरचेवर धुवा. कुठलीही शाई असो, ज्या कागदावर चित्र काढणार त्याच्याच तुकड्यावर चार रेघा ओढून, वाळल्यावर पाणी फिरवून बघा. जिथे शाई दाट साचते तिथे ती फार सावकाश वाळते.

कागद ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) घ्या. टाकासाठी गुळगुळीत हॉट प्रेस बरा, खडबडीत कागदात निबचं टोक अडकतं आणि शिंतोडे उडतात. खोडरबर मात्र जपून. जोराने घासलंत की कागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी चटकन शोषू न देणारी खळ, जातं, तंतू उभे राहतात आणि मग वॉटरप्रूफ शाईसुद्धा पसरते.

आता क्रम. घरं, झाडं, गर्दी असेल तिथे मी शाई आधी लावतो. आकाश, धुकं, चेहरे यांना आधी रंग, आणि कागद पुरता वाळल्यावर मोजकी रेघ. शाईवर रंग चढवताना पारदर्शक रंगच वापरा. कॅडमियम पिवळ्यासारखा अपारदर्शक रंग काळ्या रेघेवर दुधाळ साय धरतो, तुमचा पिवळा निम्मा त्यामुळेही बिघडत असेल.

एक आगाऊपणा करतो : सावलीत शाईच्या आडव्या-उभ्या रेघा मारल्यात तर तिथे गडद रंग नको. दोघांपैकी एकालाच काम द्या. बहुतेक नव्या चित्रकारांची रेघ रंगाला जागाच ठेवत नाही.

जुनी शाई फेकू नका. तिने रेखाटन करून सावलीच्या बाजूने नुसता ओला कुंचला फिरवलात की रेघेतूनच करडी छटा सुटते. झटपट कच्च्या चित्रांसाठी मी आजही तीच वापरतो, त्यावर रंग मात्र लावत नाही.