याद्या घोकू नकोस, पॅरिसमधून चाल

अगं, फ्रेंच शिकायचं तर शब्दांच्या याद्या बाजूला ठेव आणि पॅरिसचा नकाशा घे. 'पों नफ' म्हणजे नवा पूल. 1607 साली पुरा झालेला हाच आज पॅरिसमधला सीन नदीवरचा सर्वांत जुना पूल! आता 'पूल' आणि 'नवा' विसरशील? 'ला तूर एफेल'मधला, म्हणजे आयफेल टॉवरच्या नावातला, 'ला' मात्र गाळू नकोस; 'ला' ही स्त्रीलिंगाची खूण, 'ल' पुल्लिंगाची. 'ला तूर' म्हणजे मनोरा, 'ल तूर' म्हणजे फेरी.

मेन्यूकार्ड मोठ्याने वाच: पें ओ शोकोला (चॉकलेटचा पाव), ग्लास आ ला व्हानिय (व्हॅनिलाचं आइस्क्रीम), सूप आ लोन्यों (कांद्याचं सूप), तार्त ओ पॉम (सफरचंदाचा टार्ट). आपलं चा-ची-चं पदार्थाचं लिंग बघतं. त्यांचा 'आ' मात्र आत काय घातलंय ते बघून रूप बदलतो: कधी 'ओ', कधी 'आ ला', कधी 'आ ल'. मला हे तक्त्यांतून कधीच उमगलं नव्हतं, कांद्याच्या सूपने शिकवलं. रोज एकच पदार्थ घे, पण 'ल'-'ला'सकट लिहून ठेव.