देवचार, शॉक आणि यादीतून गळालेला आजार

आजीच्या बहिणीला ‘देवचार लागला’ (भुताने झपाटलं) म्हणून खोलीत बांधून ठेवत. आता भाच्याला स्किझोफ्रेनिया सांगितलाय. घरचे म्हणतात, आधी घाड्याकडे (देवऋष्याकडे) जाऊ. (डिचोली)

आजीच्या बहिणीला नेमकं काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण देवचार आधी आणि विज्ञान नंतर, इतकं सरळ ते नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार दिलेत; चार शरीरातल्या दोषांचे, पाचवा आगंतू, म्हणजे भूत-ग्रहादींचा. आजार आणि बाधा एकाच यादीत!

माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी आणि अंगाऱ्याची पुडी एकत्र असते. मी पुडी काढायला सांगत नाही. घाड्याकडे जाऊन बरं वाटतं, हे खोटं नव्हे. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ हात पसरून उभा असलेला आबे फारियाचा पुतळा आठवा. पोरं त्याला जादूगार समजतात. हा कांदोळीचा माणूस पॅरिसमध्ये लोकांना संमोहित करायचा. सामर्थ्य संमोहकाच्या हातात नसतं, झोपणाऱ्याच्या मनात असतं, असं त्याने १८१९ मध्ये लिहून ठेवलं. चुंबकी शक्तीने रोग बरे करतो म्हणणाऱ्या मेस्मर या डॉक्टरचे अनुयायी तेव्हा अदृश्य चुंबकी द्रवाच्या गोष्टी सांगत होते. मात्र नुसत्या विश्वासावर स्किझोफ्रेनिया आटोक्यात राहत नाही. गाऱ्हाणं घाला, पण गोळी चुकवू नका, आणि उपचाराला जितका उशीर तितकं ते जड जातं. बांधून ठेवणं मात्र अजिबात नाही. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

मुलगा पंचविशीचा. त्याला मुलगे आवडतात म्हणतो. लग्नाआधी बरा कराल? (मडगाव)

नाही. बरं करण्यासारखं काही झालेलंच नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता १९७३ मध्ये आजारांच्या यादीतून काढली; पुढच्या वर्षी त्यावर सभासदांचं मतदानही झालं. मतदानाने मधुमेह जात नाही, तेव्हा तो आजार कितपत होता ते ओळखा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केलं. लग्न लावून मात्र एका परक्या मुलीचंही नुकसान कराल. तुमची झोप उडाली असेल तर तुम्ही या, बोलू.

बाबांना डॉक्टरांनी शॉक सांगितलाय. आम्ही घाबरलोय. (फोंडा)

भीती उगाच नाही. मेंदूला विजेचा शॉक द्यायची ही उपचारपद्धत १९३८ ची, रोममधली. सुरुवातीला भूल न देताच शॉक द्यायचे. अंगाला बसणाऱ्या झटक्यांनी हाडंसुद्धा मोडायची. त्याच काळात, १९३५ मध्ये, लिस्बनच्या एगास मोनिझने मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायची शस्त्रक्रिया काढली आणि १९४९ मध्ये नोबेलही मिळवलं. आज ती कुणी सुचवली तर मी दार दाखवीन. शॉक मात्र टिकला, कारण अन्नपाणी सोडलेल्या तीव्र नैराश्यात तो खरोखर कामाला येतो.

आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच करतात. भूल न देता शॉक देणं भारतात बेकायदा आहे. बाहेरून पाहणाऱ्याला पायाची बोटं थरथरताना दिसतील, तेवढंच. उपचाराच्या आगेमागे घडलेल्या गोष्टी विसरायला होतं, आणि काहींना तो त्रास जास्त दिवस राहतो, हे डॉक्टरांनी तुम्हाला आधीच सांगायला हवं. नसेल सांगितलं तर विचारा. किती वेळा देणार, तेही विचारा. आणि बाबा शेवटचं पोटभर कधी जेवले, ते कागदावर लिहून न्या.